येऊन राहिली

खालून कुसुमताईंचा आवाज आला तेव्हा वामनरावांच्या दातांत वायर होती. "भाऊजी, शामला येऊन राहिली जी!" एवढंच, जिन्याच्या तळाशी उभं राहून, दूधवाला आल्याची वर्दी द्यावी तशा सुरात. वामनरावांचा जबडा आपसूक मिटला, प्लास्टिकच्या आतल्या बारीक तारांतली एक सुटून खालच्या ओठात घुसली आणि तोंडभर तांब्याची चव पसरली. "कोण?" त्यांनी वायर काढून विचारलं. जे माहीत आहे तेच पुन्हा विचारायचं, ही हिशेब तपासनिसाची जुनी खोड. समोरच्याकडून एकदा वदवून घेतलं की आपली जबाबदारी संपते. "कोण काय कोण? बायको जी तुमची! आमचा रवींद्र आला नं सकाळी खाप्याहून, त्याच्यापाशी निरोप देल्ला तिनं. दुपारच्या गाडीनं येऊन राहिली म्हणे." "बरं." "नुसतं बरं? भाजीबिजी आहे का घरात, का आपले पोहेच?" "आहे." नव्हती. पण कुसुमताईंशी एका शब्दाच्या वर बोललं की त्या वर येतात, वर आल्या की बसतात, आणि खोलीत आत्ता बसण्याजोगी एकच खुर्ची होती. तीही मुद्दाम भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध ओढून ठेवलेली.

येऊन राहिली. वामनराव साताऱ्याचे. नोकरीची सगळी वर्षं नागपुरात गेली, केस इथल्या उन्हात पिकले, तरी या दोन शब्दांपाशी ते अजून अडखळत. नागपुरात माणूस जेवून राहिला म्हणजे त्याचा घास अजून हातात आहे. साताऱ्यात जेवून राहिला म्हणजे ताट उचललं तरी न हललेला पाहुणा. नागपुरात येऊन राहिली म्हणजे वाटेत आहे, सावनेरच्या स्टँडवर गाडी थांबली असेल, खिडकीपाशी डोक्यावरून पदर ओढून बसली असेल. साताऱ्यात येऊन राहिली म्हणजे आली, पिशवी ठेवली, पदर खोचला आणि राहिली. त्याच वाक्यात इथली बाई रस्त्यावर असते आणि तिथली घरात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात या वाक्यावर त्यांनी पुष्कळ करमणूक करून घेतली होती. ते जेवायला बसून हाक मारायचे, शामला आतून ओरडायची, "येऊन राहिली नं मी!" आणि ते विचारायचे, "आलीस की राहिलीस? एक काय ते ठरव." ती पोळीचा हात तसाच धरून दारात येऊन हसायची. "दोन्ही," म्हणायची. तेव्हा ती प्रत्येक वेळी हसायची. त्यांनी 'सांबार' म्हणजे कोथिंबीर हे मान्य करायला नकार दिला तेव्हाही, 'समोर जा' म्हणजे 'पुढे जा' हे त्यांनी तिच्या भावकीत मोठ्यानं दुरुस्त केलं तेव्हाही. मग नुसती पाहायला लागली. मग एके दिवशी हाक मारल्यावर आतून "आले" एवढंच आलं, आखूड आणि शुद्ध, आणि वामनरावांना आठवत होतं की त्या दिवशी आपल्याला जिंकल्यासारखं वाटलं होतं. हसू नेमकं कधी थांबलं याची मात्र त्यांच्याकडे नोंद नव्हती. दुसऱ्यांच्या कागदांवर ते असल्या गाळलेल्या नोंदींना लाल खूण करत.

आता वेळ थोडा होता. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खिडकीत घरघरत होता, खोलीभर ओल्या वाळ्याचा आणि नव्या लाकडाचा वास होता, आणि भिंतीशी दोन नवे स्पीकर, दोन्ही बसल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीच्या स्टुलांवर, तोंडं खुर्चीकडे वळवून उभे होते. मधल्या टेबलावर कॅसेट वाजवायचं नवं यंत्र, त्याच्या मागं जुना रेडिओ, रेडिओवर शामलानं विणलेला रुमाल. सगळं सामान होळीपासून खोक्यांत पडून होतं. का उघडलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर वामनराव म्हणाले असते, सवड नव्हती. संध्याकाळी सहाला घरी येऊन, पोहे करून, गच्चीत उभं राहून शेजारच्या घरातले दिवे कोणत्या क्रमानं लागतात ते रोज पाहणाऱ्या माणसाला सवड नव्हती. खरं तर घेतानाच मनात एक कलम बसलं होतं की ती आली की उघडू. तिच्या शाळेला सुट्टी लागली. ती आली नाही. आज रविवारी सकाळी मग त्यांनी आपल्याशीच एक तडजोड केली: उघडायचं, जोडून ठेवायचं, वाजवायचं मात्र नाही. आणि पहिलीच वायर दातांत धरली तोवर हा निरोप.

हे सामान घेताना बर्डीच्या बाजारातल्या दुकानात मालक ओमप्रकाशनं त्यांना आधीच ओळखलं होतं. गिऱ्हाइकाच्या चपला पाहून माणूस ओळखणारा तो प्राणी. वामनरावांनी एकच स्पीकर मागितला तेव्हा तो गल्ल्यावरून उठलाच नाही. "जोडी फोडून नाही देत साब. एक घेऊन काय करसान?" "ऐकणार," वामनराव म्हणाले. "एकट्याले?" "आम्ही दोघं असतो." "मग तर दोन पाहिजेच नं!" तो हसला, आणि हसत हसत पोराला वर चढवून दोन खोकी उतरवून घेतली. मग त्यानं स्वतःच्या दोन्ही हातांचे पंजे दोन बाजूंना धरून समजावलं: हा डबा इकडं, हा तिकडं, ऐकणारा मधात. "गाणारी बाई बराबर मधात उभी राहते साब. डब्यातून नाही, मधातून. जसं समोर येऊन राहिली." वामनरावांनी सवयीनं मनातल्या मनात दुरुस्ती केली. मग एक शंका काढली: "मधे एकच माणूस बसणार. दुसऱ्यानं कुठं बसायचं?" ओमप्रकाशनं पंजे खाली केले. इतकी वर्षं दुकान चालवून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "दुसऱ्याले," तो म्हणाला, "आपल्या मांडीवर बसवाचं!" आणि दुकानातली सगळी माणसं हसली. वामनरावही हसले. परतताना रिक्षात दोन खोक्यांच्या मधे बसले होते, दोन्हींवर एकेक हात ठेवून, यंत्र पायाशी, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये असं त्यांना वाटत होतं.

दातांनी होणार नाही हे कळल्यावर त्यांनी दाढीचं पातं आणलं. दोन पदरी चपटी वायर, दोन्ही पदर सारखेच पांढरट. मधली चीर धरून ओढलं की पदर एकमेकांपासून सुटत जातात, चरचर आवाज करत, आणि सुटताना कुठं थांबायचं ते आपल्या हातात राहत नाही. वीतभर सुटायला हवे होते, हातभर सुटले. मग टोकाजवळ पातं हलकं फिरवायचं, वरची साल कापली जावी पण आतल्या तारेला धार लागू नये. वामनरावांचं पातं पहिल्यांदा खोल गेलं आणि अर्ध्या तारा सालीसकट हातात आल्या. दुसऱ्यांदा वर राहिलं आणि साल ओढूनही निघाली नाही. घाम नाकाच्या शेंड्यावरून तांब्यावर पडत होता. खाप्याला सासरेबुवांच्या हातमागावर सूत तुटलं की ते न बघता, समोरच्याशी बोलता बोलता, दोन टोकं अंगठ्याशी आणून, ओठावर बोट फिरवून, एक वळ देऊन मोकळे व्हायचे. वामनराव जावई म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना हे दाखवलं गेलं होतं, जसं दुसऱ्यांकडे अल्बम दाखवतात. शामलालाही ते यायचं. तुटलेली पेटीकोटची नाडी, पोत्याची सुतळी, कशाचंही टोक तिच्या हातात आलं की बोलता बोलता सांधलं जायचं.

बोलता बोलता हेच खरं. हे लग्न जुळवलं कुसुमताईंनी. वरच्या माळ्यावरचा साताऱ्याचा बिनलग्नाचा भाडेकरू आणि त्यांच्या नात्यातली, इथल्याच शाळेत शिकवणारी खाप्याची मुलगी, "एक बोलत नाही, एक थांबत नाही, बसलं नं गणित!" असं त्यांचं तेव्हाचं वाक्य. रामाजी, म्हणजे शामलाचे वडील, स्थळ पाहायला आले तेव्हा या खोलीत याच भिंतीशी बसले होते. पगार विचारला नाही, गावची शेती विचारली नाही. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी एकच विचारलं. "लय बोलते जी आमची पोरगी. बोलू देसान नं?" वामनरावांनी तो विनोद समजून हसून हो म्हटलं. आणि त्यांनी तिला बोलायला कधीच मना केलं नव्हतं, हे कुणालाही तपासून पाहता आलं असतं. रेडिओ त्यांच्या खुर्चीच्या हाताशी असायचा, आवाज त्यांच्यापुरता. स्वयंपाकघरातून शामला विचारायची, "काय म्हणून राहिला जी तो?" बातम्या असायच्या, कधी भाषण, कधी गाण्याआधी निवेदकानं सांगितलेली एखादी गोष्ट. वामनराव म्हणायचे, "काही नाही." एवढ्यासाठी उठून आत जायचं किंवा तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा बोलायचं, हे त्यांना नेहमी अवाजवी वाटलं. रेडिओवर काहीतरी असायचंच. ते ऐकलेलं असायचं. फक्त पुढे जायचं नाही. मग आतून भांडं घासल्याचा आवाज.

रामाजींना पक्षाघात झाला तेव्हा तिनं खाप्याच्या मुलींच्या शाळेत बदली मागून घेतली. दर शनिवारी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. म्हातारा गेल्या थंडीत गेला. तेराव्याला कन्हान नदीच्या घाटावरून परतताना वामनरावांनी विचारलं, "मग, निघायचं?" ती नातेवाइकांच्या चपला ओळीनं लावत होती. "तुम्ही व्हा समोर," ती म्हणाली. "मी येऊन राहिलीच." तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली नाही, प्रसंग तसा नव्हता. ते पुढं झाले. त्या दिवसापासून शामला येऊन राहिली होती. थंडी गेली, संत्र्याच्या गाड्या गेल्या, होळी झाली, वार्षिक परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, आणि एवढ्या काळात ती दोनदा रात्रीपुरती आली तीही कपडे न्यायला. ऑफिसात कुणी विचारलं की वामनराव म्हणत, येणारच आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात खोटं काही नव्हतं. पण मागच्या वेळी जाताना ती दारात थांबली होती आणि खोलीकडे पाहून म्हणाली होती, "किती मुकं आहे हे घर." त्यावरून ते बर्डीवर गेले. मुक्या घराला आवाज आणायचा, एवढा सरळ अर्थ त्यांनी काढला. उपाय दुकानात मिळण्यासारखा होता म्हणूनच तो अर्थ त्यांना पटला असावा, हा विचार त्यांना आत्ता, पातं हातात असताना आला, आणि त्यांनी तो बाजूला ठेवला.

टोकं कशीबशी सोलून झाली. यंत्राच्या पाठीवर प्रत्येक स्पीकरला दोन स्क्रू, एक लाल, एक काळा. स्पीकरच्या पाठीवरही तसेच. वामनरावांनी घरातले दिवे स्वतः जोडलेले होते. दिव्याच्या दोन तारांत इकडची तिकडे झाली तरी दिवा लागतो. दिव्याला उलटसुलट कळत नाही. त्या भरवशावर त्यांनी हाताला आली ती तार हाताला आला त्या स्क्रूला गुंडाळली. एका पदराच्या कडेला नखाला लागेल अशी एक बारीक उभी रेघ होती. ती त्यांना लागली, आणि कारखान्यातला दोष म्हणून त्यांनी सोडून दिली.

वाजवायचं नाही असं ठरलं होतं, पण ती येऊन राहिली होती, आणि आल्यावर काही बिघडलेलं निघालं तर? त्यांनी कूलर बंद केला. बंद केल्याबरोबर खोली उन्हानं ताब्यात घेतली. ओमप्रकाशनं यंत्राबरोबर दिलेली कॅसेट लावली, कुणा बाईची ठुमरी, आणि मधल्या खुर्चीत बसले. आधी डावाच लावला. उत्तम. बाई डाव्या डब्यात होती, तबला तिच्या पायाशी होता. मग उजवाच लावला. तोही उत्तम, कुठं खोट नाही. मग दोन्ही मिळून लावले, आणि काहीतरी गेलं. आवाज वाढला होता, पण आतून पोकळ झाला होता. तबल्याचा डग्गा नाहीसा झाला, नुसती शाईची टिकटिक राहिली, आणि बाई, जी बरोबर मधात उभी राहणार होती, ती कुठंच नव्हती. ती कधी डाव्या भिंतीत होती, कधी उजव्या कानाच्या मागं, जणू दोन डबे तिला दोन बाजूंना ओढत होते आणि मधे जिथं ती असायला हवी तिथं एक भोक पडलं होतं. वामनरावांनी खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली. मान तिरपी केली. पुन्हा एकेकटा लावून पाहिला: दोन्ही निर्दोष. कुणावर ठपका ठेवायचा ते कळेना. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आणि बेरीज चूक, असा कागद त्यांच्या हाताखालून कधी गेला नव्हता.

"भाऊजी!" कुसुमताई शेवटी वर आल्याच होत्या, हातात कुरडयांचं सूप घेऊन, गच्चीत वाळवायच्या निमित्तानं. दारात थांबून त्यांनी दोन्ही डबे नीट न्याहाळले. "दोन काहून आणले जी? एका कानाले एक?" "स्टीरिओ आहे तो." "असंल बाप्पा. अन् हे बाई अशी काहून गाऊन राहिली, तोंडावर उशी ठेवल्यासारखी?" "जोडणीत काहीतरी आहे." "मग शामला आली की दाखवा तिले. टोकं जोडाले तिचा हात भारी." त्या जिन्याच्या वरच्या वळणावर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आली पाहा! रिक्षा थांबली!"

वामनरावांनी पहिल्यांदा पिशवी पाहिली. माणूस पाहायच्या आधी सामान पाहायचं, हे त्यांना टाळता आलं नाही. कापडी पिशवी, एका हातानं सहज उचललेली, तळाशी गोल, वर रिकामी. पिशवी काही आणायला नव्हती, न्यायला होती. मग शामला. उन्हानं चेहरा लाल, चष्मा नवा, केस वडिलांसारखे एकदम पांढरे झालेले आणि तिनं ते लपवलेले नव्हते. "केवढं तापलं जी हे! कूलर काहून बंद?" तिनं माठातलं पाणी स्वतःच घेतलं, पेला पालथा ठेवला, आणि खोलीत दुसरी जागाच नाही म्हणून मधल्या खुर्चीत बसली. बसली आणि तिनं दोन डबे पाहिले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "हे कधी घेतलं?" "होळीला." "अन् सांगितलं नाही?" "तू आलीस की दाखवायचं होतं." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. वामनरावांनी घाईघाईनं कॅसेट सुरू केली.

ती ऐकत होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, डोळे समोर भिंतीवर. वामनराव दाराशी उभे होते, जिथून काहीच नीट ऐकू येत नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून गाणं वाचायचा प्रयत्न करत होते. "बाई कुठून गाऊन राहिली?" तिनं विचारलं. "मधून. मधून यायला हवी." "मधात तर कोणीच नाही." "एक तार ढिली असेल," म्हणत यंत्र बंद करून ते डाव्या डब्याच्या मागं गेले, तार सोडवली, टोक पुन्हा तासायला पातं धरलं आणि पात्यानं अंगठ्यावर बारीक रेघ काढली. "आणा इकडं," ती म्हणाली. खुर्चीतून न उठता तिनं हात पुढं केला, तार घेतली, विस्कटलेले तांब्याचे केस अंगठ्या-बोटांत गोळा केले, ओठावर बोट फिरवलं आणि एक वळ दिला. टोक सुईसारखं झालं. मग दुसरं. हात चालत होते आणि त्याबरोबर बोलणंही सुरू झालं, जुन्यासारखं, कशातूनही कशात जाणारं. शाळेत पाण्याची टाकी झाली. सातवीतली एक पोरगी सारखी वर्गात उभी राहते अन् म्हणते, बाई, काय म्हणून राहिल्या, पुन्हा सांगा नं. "अन् मी सांगते जी. दहादा विचारलं तर दहादा सांगते. घरी येतात संध्याकाळी, ओसरीवर बसतात, त्याहीचं सुरूच राहते, माझंही सुरूच राहते. बाबाच्या मागावर बसून पाहतात पोरी. आवाज अस्सा येते घरात." वामनराव ऐकत होते. "बरं," ते म्हणाले. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं. 'मग पुढे?' एवढे दोन शब्द पुरले असते, असं त्यांना नंतर वाटलं. पण त्यांचं लक्ष तिच्या बोटांवर होतं, आणि बोटं थांबली.

शामलानं तार त्यांच्या हातात दिली. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "मी आता परत येणार नाही," ती म्हणाली. "मी तिथेच राहणार आहे."

मुख्याध्यापकांशी बोलताना, सरकारी माणसाशी बोलताना, परक्यांशी बोलताना ती असं बोलायची. येणार नाही. राहणार आहे. क्रियापद जागच्या जागी, 'तिथंच' नाही, 'तिथेच'. वीस वर्षं ज्या भाषेसाठी ते तिच्या मागं होते त्या भाषेत तिनं त्यांना एकही चूक न करता हे सांगितलं. वामनराव त्या वाक्याभोवती एकदा फिरून आले. वाक्यात दुरुस्तीला जागा नव्हती. दोन अर्थ निघत नव्हते. ती वाटेतही नव्हती आणि येऊनही राहिली नव्हती. "काही चुकलं का माझं?" असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, तिथं तार टोचलेली जागा हुळहुळत होती, आणि आलेलं वाक्य तसंच राहिलं. ते म्हणाले, "कूलर लावू का?" "लावा नं," शामला म्हणाली, आणि आवाज पुन्हा तिचा झाला, मोकळा, जसं अवघड ओझं खाली ठेवल्यावर माणूस खांदे हलवतो. "केव्हाचं म्हणून राहिली मी."

तिनं कपाटातल्या उरलेल्या दोन साड्या घेतल्या, वडिलांचा एक फोटो घेतला. मग टेबलापाशी थांबली. "हा जुना नेऊ का जी? तुम्हाले तर आता नवा आला." जुना रेडिओ. वामनरावांनी मान हलवली. तिनं रुमालासकट तो उचलला, पोटाशी धरला, पाठीवरची वायर गुंडाळून पिशवीत खोचली. तो पिशवीत बरोबर मावला. पिशवी त्याच्याच मापाची आणली असावी असा संशय वामनरावांना आला, आणि मग संशय नको म्हणून त्यांनी खाली जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षात ती रेडिओ मांडीवर घेऊन बसली. "माठात पाणी भरून ठेवत जा," म्हणाली. "ओठाले हळद लावा, रक्त येऊन राहिलं." रिक्षा धरमपेठेच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी ओठाला हात लावला. रक्त केव्हाच वाळलं होतं.

वर कूलर घरघरत होता. डाव्या डब्याची तार सुटीच पडली होती, दोन्ही टोकं वळ दिलेली, इतकी नेटकी की ती आपल्या घरातली वाटत नव्हती. ती लावायला म्हणून त्यांनी पदर चिमटीत धरले आणि नखाला पुन्हा ती रेघ लागली. या वेळी हात तिथं थांबला. रेघ एकाच पदराला होती. त्यांनी ती नखाखाली धरली आणि भिंतीच्या कडेनं, उकिडवे, हळूहळू सरकत यंत्रापर्यंत आले: रेघेचा पदर लाल स्क्रूला. मग यंत्रापासून दुसऱ्या वायरीनं उजव्या डब्यापर्यंत: रेघेचा पदर यंत्राकडे लालला, डब्याकडे काळ्याला. तिथं त्यांचीच गाठ होती, जाड आणि विस्कटलेली. म्हणजे एक डबा जेव्हा श्वास बाहेर सोडत होता तेव्हा दुसरा आत घेत होता. प्रत्येकाचं गाणं पूर्ण होतं. दोघांनी मिळून ते मधल्या मधे खाल्लं होतं. दिव्याला चालतं हे. वामनराव तिथंच फरशीवर बराच वेळ बसून राहिले. मग उजवीकडच्या तारा सोडल्या, इकडची तिकडे केली, डावीकडे शामलाच्या वळाची टोकं रेघ बघून लावली, कूलर बंद केला, कॅसेट पुन्हा लावली आणि खुर्चीत न बसता खुर्चीच्या पाठीमागं उभे राहिले.

बाई मधे आली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. टेबलावर, जिथं रुमालाखाली रेडिओ होता आणि आता धूळ नसलेला स्वच्छ चौकोन होता, बरोबर तिथून ती गात होती. डग्गा परत आला, फरशीतून तळपायाला लागला. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्या चौकोनातली हवा थांबल्यासारखी वाटली. वामनराव मान पुढं करून ऐकत होते. एवढी जवळ, की आतून कुणी 'काय म्हणून राहिली जी ती?' असं विचारलं असतं तर त्यांना शब्दन् शब्द सांगता आला असता. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. माठावर पेला पालथा होता.

"भाऊजी!" खालून कुसुमताई. "गेली का जी शामला? मले तर वाटलं, येऊन राहिली." जिन्याच्या तळाशी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या असाव्यात, मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, "अन् तुम्ही काय करून राहिले एकटे?"

बाई अजून गात होती.

"ऐकून राहिलो," वामनराव म्हणाले.